तीन सूर, एक उचल आणि टेपचा सातबारा : ग्रीन डे समजून घेताना

मार्च २०२५मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव झाला. त्यात ग्रीन डे हा अमेरिकी पॉप-पंक बँड वाजवणार होता. माझी भाची दुपारीच जाऊन उभी राहिली होती. रात्री उशिरा घरी आली तेव्हा घसा पार बसलेला आणि बुटांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. पिठलं-भात खाता खाता म्हणाली, "मामा, ग्रीन डे भारी वाजवतात. पण आमच्या ग्रुपवर एक जण म्हणतो, हे तर तीस वर्षांपूर्वीच विकले गेलेत. विकले गेले म्हणजे? कुणाला?"

समोर तिची आई, म्हणजे माझी ताई. तिनं मोबाइलवरचा व्हिडिओ बघितला, स्टेजभर धावणारा तो गिटारवाला बघितला आणि विचारलं, "वय काय ह्याचं?"

"त्रेपन्न."

"शोभतं का?"

ताईचा प्रश्न वाटेत येईलच. भाचीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी हे संगीत बनतं कसं ते बघावं लागेल, आणि मग त्याहून किचकट भाग : बँड आणि रेकॉर्ड कंपनी यांच्यातला पैशाचा व्यवहार. मला स्वतःला तो कळायला बरीच वर्षं लागली. कॉलेजात असताना मीही छातीठोकपणे "विकले गेले" म्हणायचो. कुणी कुणाला काय विकलं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

आधी पंक, मग पॉप

सत्तरच्या दशकात रॉक फार जड झालं होतं. दहा-दहा मिनिटांची गाणी, गिटारवरच्या लांबलचक करामती, ट्रक भरून सामान. साध्या घरातल्या पोरानं हे वाजवायचं म्हटलं तर पाच-सात वर्षांचा रियाज आणि बापाचा खिसा दोन्ही हवं. पंक ही त्यावरची चिडचिड. न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडचा १९७६चा पहिला अल्बम घ्या : चौदा गाणी, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत खलास. वाजवता येत नाही? मग येतं तेवढं वाजवा, पण जोरात.

गंमत अशी की रमोन्सच्या त्या गोंगाटाखाली चाली अगदी गोड होत्या. इंग्लंडात बझकॉक्स, कॅलिफोर्नियात डिसेंडंट्स यांनी तोच धागा पुढे ओढला. पंकचा वेग आणि खरखर तशीच ठेवायची, पण वरची चाल अशी बांधायची की एकदा ऐकली की भांडी घासतानाही तोंडात यावी. हे पॉप-पंक. विषयही खाली उतरले. सरकार, राणी, क्रांती हे मागे पडून प्रेमभंग, घरातली कटकट आणि काहीच करायला नसलेली दुपार पुढे आली. कंटाळा हा ज्या संगीताचा मुख्य विषय आहे असा दुसरा प्रकार मला तरी माहीत नाही.

सा आणि प, बस्स

या संगीताची वीट म्हणजे पॉवर कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन सूर, आपल्या भाषेत सा, ग आणि प. यातला ग सगळा रंग ठरवतो. शुद्ध ग घेतला तर आनंदी, कोमल घेतला तर उदास. पॉवर कॉर्डमध्ये हा ग काढूनच टाकतात. उरतात सा आणि प. तानपुरा कानात असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ग का काढायचा? पंकमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. गणपतीच्या मांडवातला फाटका भोंगा आठवा. त्यावरून एक माणूस बोलला तर कळतं, तिघं एकदम बोलले की नुसता गलका. फाटलेल्या आवाजात तीन सूरही असेच एकमेकांवर आदळतात. सा आणि प मात्र सख्खे भाऊ असल्यासारखे, कितीही फाडा, एकत्र राहतात. म्हणून आवाज प्रचंड मोठा होतो आणि तरी स्वच्छ राहतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे सोपेपणा : बोटांचा एक आकार जमला की तोच गिटारच्या मानेवर वर-खाली सरकवायचा. महिनाभरात पोरं गाणं वाजवायला लागतात. दुसरा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो. गिटारनं ग सोडला, म्हणजे गाणं आनंदी की उदास हे सांगायची जबाबदारी गायकावर आणि बासवाल्यावर, म्हणजे खर्जातली गिटार वाजवणाऱ्यावर, पडली. चाल कमकुवत असेल तर खाली नुसता पत्र्याचा आवाज उरतो. पॉप-पंकमध्ये चालीला एवढा मान आहे तो यामुळे.

"पण तीन-चार कॉर्डांत कसली आली कला?" हा आक्षेप मी गिटारच्या क्लासमध्येच दहा वेळा ऐकलाय. ओवीचं माप कुणालाही जमतं, बहिणाबाई मात्र एकच झाली. ग्रीन डेचं 'व्हेन आय कम अराउंड' सुरुवातीपासून बहुतेक वेळ चारच कॉर्डांवर गोल फिरतं. ते वाजवणारे हजारो आहेत. त्यातल्या दोन ठोक्यांमधली ती तळहातानं दाबलेली, श्वास रोखल्यासारखी जागा बरोब्बर पाडणारे फार थोडे. 'लाँगव्ह्यू'मध्ये तर कितीतरी वेळ गिटार येतच नाही. बँडमधल्या माइक डर्न्टचा बास एकटाच आळसावलेल्या माणसासारखा खोलीभर फिरत राहतो. मग गिटार येते ती दार लाथेनं उघडल्यासारखी.

गोदामात वाढलेली पोरं

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीत रोडिओ आणि पिनोल अशी गावं आहेत. ग्रीन डेचा गायक आणि गिटारवाला बिली जो आर्मस्ट्राँग तिथला. वडील ट्रक चालवायचे आणि जाझमध्ये ड्रम वाजवायचे. सप्टेंबर १९८२मध्ये कॅन्सरनं गेले, तेव्हा हा दहा वर्षांचा होता. आई हॉटेलात वेट्रेस. माइक त्याला शाळेत भेटला, साधारण त्याच वयात. दोघांनी १९८७मध्ये बँड काढला, नाव 'स्वीट चिल्ड्रन'. ग्रीन डे हे नाव दोन वर्षांनी घेतलं.

जवळच्या बर्कली शहरात १९८६च्या अखेरच्या दिवशी ९२४, गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर एक गोदामवजा जागा सुरू झाली होती. कुठल्याही वयाच्या पोरानं यावं, सभासद व्हावं, झाडू मारावा, तिकिटं फाडावीत. दारू नाही, मारामारी नाही, वंश, लिंग किंवा लैंगिकतेवरून कुणाची चेष्टा नाही. सगळा कारभार स्वयंसेवकांचा, आपल्याकडच्या सार्वजनिक मंडळासारखा, फक्त वर्गणीची जबरदस्ती नव्हती. पुढे महत्त्वाचा ठरलेला एक नियम म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशी करार केलेल्या बँडला इथं वाजवता येणार नाही.

लॅरी लिव्हरमोर नावाच्या माणसानं याच वातावरणात लुकआउट रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी चालवली होती. त्यानं या पोरांना डोंगरातल्या एका घरगुती पार्टीत मोजक्या मुलांसमोर वाजवताना ऐकलं आणि रेकॉर्ड काढायचं ठरवलं. पहिला अल्बम १९९०चा. काही दिवसांत ध्वनिमुद्रित झाला आणि खर्च हजार डॉलरच्याही आत. दुसरा 'करप्लंक', १९९१च्या अखेरीस तयार झाला. तोवर ड्रमवर ट्रे कूल आला होता. त्याच्या वडिलांनी फिरत्या ग्रंथालयाची जुनी गाडी घेऊन तिच्यात झोपायची सोय केली, आणि ते स्वतः ती चालवत या तिघांना गावोगाव घेऊन गेले. पुस्तकांच्या जागी पोरं, बाकी हिंडणं तेच.

उचल

आता पैसा. ऊसतोड कामगारांची 'उचल' महाराष्ट्राला माहीत आहे. हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घ्यायचे, मग ऊस तोडून ते फेडायचे. फिटेपर्यंत हातात नवं काही येत नाही. मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा ॲडव्हान्स ही अशीच उचल असते. कंपनी बँडला रक्कम देते, त्यातून स्टुडिओचा खर्च, पोटापाण्याचा खर्च भागतो. अल्बम विकला की बँडचा वाटा, म्हणजे रॉयल्टी, आधी उचल फेडण्यात जाते.

आकडे काल्पनिक घेऊ. उचल दहा लाख. एक कॅसेट विकली की कंपनीच्या हाती शंभर रुपये येतात आणि करारात बँडचा वाटा पंधरा टक्के आहे. उचल फिटायला किती कॅसेट लागतील? शंभराचे पंधरा, म्हणजे जवळजवळ सदुसष्ट हजार. तोवर कंपनीच्या बाजूला उरलेल्या पंचाऐंशी टक्क्यांचे छपन्न-सत्तावन्न लाख जमा झालेले असतात. त्यातून छपाई, जाहिरात, दुकानदाराला गाठणं हे सगळं ती करते, हे खरं. पण कंपनीचा खर्च कधीच निघालेला असताना बँड कागदावर कर्जात, असं अगदी सर्रास होतं.

एक फरक मात्र आहे, आणि तो सांगितला नाही तर अन्याय होईल. अल्बम पडला तर साधारणपणे ही उचल बँडच्या घरादारावर येत नाही, कंपनी ती बुडीत धरते. ऊसतोडीत एवढी दया नसते.

लुकआउटचा व्यवहार वेगळा होता. खर्च वजा करून जो नफा उरेल त्यातला साठ टक्के बँडचा, चाळीस कंपनीचा. कागदपत्रं जेमतेम, विश्वास जास्त. टक्केवारी बघितली तर छोट्या कंपनीची पत्रावळ जास्त भरलेली. अडचण इतकीच की 'करप्लंक'ची मागणी त्या कंपनीच्या पेलण्यापलीकडे जायला लागली होती, आणि पोरांना भाडं भरायचं होतं.

१९९३मध्ये त्यांनी वॉर्नर समूहातल्या रिप्राइज या कंपनीशी करार केला. गिलमनचं दार त्यांच्यासाठी बंद झालं. ज्या जागेत झाडू मारला होता, तिथंच मज्जाव. भाचीच्या ग्रुपवरचा तो "विकले गेले" हा शब्द इथून, १९९३मधून आलेला आहे.

एकच गाणं, दोन टेपा

'डूकी' हा रिप्राइजवरचा पहिला अल्बम १ फेब्रुवारी १९९४ला आला. (नावाचा अर्थ सांगत नाही, कुणी जेवताना वाचत असेल.) निर्माता रॉब कॅव्हालो, स्टुडिओ बर्कलीतलाच फँटसी. म्हणजे मोठी कंपनी आली तरी पोरं घरापासून फार लांब गेली नाहीत. मुद्रण तीनेक आठवड्यांत उरकलं. मग सगळे आवाज एकमेकांत बसवायचं काम, ज्याला मिक्सिंग म्हणतात, ते पसंत पडेना म्हणून पुन्हा केलं.

या अल्बमवर 'वेलकम टू पॅराडाइज' नावाचं गाणं आहे, आणि तेच गाणं आधीच्या 'करप्लंक'वरही आहे. मी भाचीला दोन्ही लागोपाठ ऐकवली. हा प्रयोग करून बघाच, हेडफोन लावून. शब्द तेच, चाल तीच, वाजवणारी माणसंही तीच. जुन्यात गिटार थोडी पातळ आहे, पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतोय तशी. ड्रम बंद खोलीतले वाटतात. गायक चालीच्या मागे धावतोय. नव्यात गिटार भिंतीसारखी उभी आहे, कारण तोच भाग पुन्हा वाजवून एकावर एक रचलाय. बासची प्रत्येक उडी वेगळी ऐकू येते. मधे गाणं थांबून खाली-खाली उतरणारी ती विचित्र जागा येते, ती जुन्यात चुकून घडल्यासारखी वाटते, नव्यात अंगावर येते.

भाची म्हणाली, "जुनं जास्त खरं वाटतं." मला नवं आवडतं. वाद मिटला नाही.

आपल्याला हवा तो मुद्दा पुढे आहे. इथं गाणं एक आहे आणि ध्वनिमुद्रणं दोन. कायदा या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराचा. ती चाल एका विशिष्ट दिवशी विशिष्ट माणसांनी वाजवली आणि टेपवर धरली गेली, त्या टेपचा हक्क वेगळा. तिला मास्टर म्हणतात. आईची लोणच्याची कृती ही एक मालमत्ता. यंदा घातलेली बरणी ही दुसरी. कृती आईकडेच राहते, बरणी कुणाची ते कैऱ्यांचे पैसे कुणी दिले यावर ठरतं. मोठ्या कंपन्यांच्या करारात बरणी सहसा कंपनीची असते. मास्टरचा सातबारा तिच्या नावावर.

म्हणजे 'वेलकम टू पॅराडाइज'ची कृती बँडची. १९९१ची बरणी लुकआउटच्या फळीवर, १९९४ची रिप्राइजच्या. तेच पद, दोन सातबारे.

मग विकले गेले की नाही?

२००५मध्ये ग्रीन डेनं लुकआउटकडून आपल्या जुन्या अल्बमांचे हक्क काढून घेतले. कारण साधं होतं : रॉयल्टी थकली होती. बँड १९९३मध्ये निघून गेला तरी जुन्या दोन अल्बमांची विक्री 'डूकी'च्या जोरावर वाढतच होती, आणि त्या पैशावर कंपनीनं इतर बँडवर सढळ हातानं खर्च केला. सगळ्यात मोठं दुभतं गोठ्यातून गेल्यावर लुकआउट सावरली नाही. २०१२मध्ये ती बंद झाली. जुने अल्बम २००७मध्ये रिप्राइजकडूनच पुन्हा निघाले.

"आपल्यातल्या" कंपनीनं पैसे थकवले आणि "भांडवलदार" कंपनीकडे हिशोब मिळत राहिला. असं म्हटलं की गिलमनवाले मूर्ख ठरतात असा अर्थ कृपया काढू नका. त्यांचं म्हणणं वेगळं होतं : मोठ्या कंपन्या आल्या की छोट्या जागा, छोटे बँड, त्यांचे प्रेक्षक हे सगळं कच्च्या मालासारखं वापरलं जातं. ते बऱ्याच अंशी खरं निघालं. 'डूकी'नंतर कंपन्यांनी दिसेल त्या तीन कॉर्डवाल्या पोरांशी करार केले, आणि त्यातल्या कित्येकांची उचल फिटलीच नाही.

पण मुळात लुकआउटच्या करारात साठ टक्के होते म्हणून बँड हक्क परत मागू शकला असं नाही. करार मोडला गेला म्हणून मागू शकला. टक्केवारी कितीही गोड असो, पैसे वेळेवर येतात का हे शेवटी महत्त्वाचं. माझं मत विचाराल तर : गाणी विकली नव्हती. टेपा दिल्या होत्या, आणि त्या बदल्यात पोहोच घेतली. ही तडजोड आहे. तिला तडजोड म्हणावं, गद्दारी म्हणू नये. आणि मे २०१५मध्ये, आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या मदतीसाठी, ग्रीन डे पुन्हा गिलमनच्या त्याच स्टेजवर वाजवून गेले. नियम वाकवला गेला. मंडळंही म्हातारी होतात.

चिखल, आणि नंतरची दहा वर्षं

'डूकी'ची पोहोच किती होती ते १४ ऑगस्ट १९९४ला दिसलं. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकच्या पंचविशीचा महोत्सव, पाऊस, मैदानाचा चिखल. लोकांनी स्टेजवर चिखल फेकायला सुरुवात केली, बिली जोनं परत फेकला. शेवटी स्टेजवर इतकी गर्दी झाली की एका सुरक्षारक्षकाला माइक हाही घुसलेला प्रेक्षकच वाटला. त्यानं त्याला आडवा पाडला आणि दातांचं नुकसान केलं. सगळं टीव्हीवर थेट. १९९९पर्यंत एकट्या अमेरिकेत 'डूकी' एक कोटी प्रतींच्या घरात गेला.

पुढचा 'इन्सॉम्नियाक' (१९९५) जास्त काळोखा, 'निमरॉड' (१९९७) जास्त मोकळा. 'निमरॉड'वर एक गाणं आहे, साधी गिटार आणि व्हायोलिन. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ते निरोप समारंभाला हमखास वाजतं, सगळे गळ्यात गळे घालतात. त्याचं नाव 'गुड रिडन्स', म्हणजे साधारण "गेलीस? बरं झालं, ब्याद टळली." परदेशी निघून गेलेल्या मैत्रिणीवर चिडून लिहिलेलं गाणं आहे ते. आमच्या निरोपाला मीच वाजवलं होतं, अर्थ न कळता.

'वॉर्निंग' (२०००) फारसा चालला नाही. २००२मध्ये ते ब्लिंक-१८२ या बँडसोबत दौऱ्यावर गेले आणि रोज रात्री त्यांच्याआधी वाजवायला उभे राहिले. ब्लिंकवाले म्हणजे याच वाटेवरून मागून आलेले. धाकट्याच्या लग्नात थोरल्यानं वाढपी व्हावं तसं.

चोरीला गेलेला अल्बम

२००३मध्ये नव्या अल्बमची वीसेक गाणी तयार होती. त्याच्या मास्टर टेपा स्टुडिओतून चोरीला गेल्या. कॅव्हालोनं त्यांना विचारलं, तुमचं हे सगळ्यात चांगलं काम होतं का? छातीवर हात ठेवून हो म्हणता येईना. मग ती गाणी पुन्हा मुद्रित करायचा नाद सोडून त्यांनी नव्यानं सुरुवात केली.

एक दिवस माइक स्टुडिओत एकटा होता, त्यानं गंमत म्हणून अर्ध्या मिनिटाचं गाणं केलं. बाकीच्या दोघांनी त्याला आपापली अर्धी मिनिटं जोडली. गाणं लांबत गेलं. तीन मिनिटांत संपवायचं हा पंकचा पहिला नियमच मोडला आणि नऊ-नऊ मिनिटांची दोन गाणी झाली. २००४च्या सप्टेंबरात 'अमेरिकन इडियट' आला. इराक युद्ध चालू होतं, उपनगरातला एक वैतागलेला पोरगा घर सोडून शहरात जातो, बिघडतो, हरतो, परत येतो. याला रॉक ऑपेरा म्हणतात. संगीत नाटकातून गद्य काढून टाका आणि नुसती पदं एकामागून एक म्हणा, कथा प्रेक्षकानं जोडावी, तसं. पुढे त्याचं खरोखरच नाटक झालं आणि २०१०-११मध्ये वर्षभर ब्रॉडवेवर चाललं.

अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा पहिला अल्बम. 'डूकी' दुसऱ्यावरच थांबला होता. भारतात माझ्या पिढीतल्या पुष्कळांना ग्रीन डे कळला तो या अल्बमच्या टीव्हीवर सतत लागणाऱ्या गाण्यांतून. त्यातलंच एक सप्टेंबर संपेपर्यंत मला उठवू नका असं म्हणणारं. दर ३० सप्टेंबरला त्यावर विनोद फिरतात. ते वडिलांवरचं गाणं आहे.

यानंतरचा चढ-उतार थोडक्यात आटोपतो, कारण तो तेवढ्याच लायकीचा आहे. २००९चा अल्बम ठीक. २०१२मध्ये काही महिन्यांत लागोपाठ तीन अल्बम काढले. तिन्ही मिळून एक चांगला झाला असता. त्याच सुमारास बिली जो व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला. २०१५मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत नाव. २०२४चा 'सेव्हिअर्स' मात्र कॅव्हालोबरोबर केलेला आणि बऱ्याच वर्षांनी मनापासून वाटणारा.

त्रेपन्न वर्षांचा पोरगा

आता ताई. पॉप-पंक हे पोरवयाचं संगीत, मग पन्नाशीतल्या माणसानं ते गाणं खोटं नाही का? आक्षेप वाजवी आहे. कित्येक बँडांचं ते खोटं होतंच.

मी तिला आमच्या आजीची आठवण करून दिली. आजीनं बालगंधर्वांना उतारवयात पाहिलं होतं. थोराड शरीर, नऊवारी, आणि समोर नटलेली नायिका. "पहिली पाच मिनिटं कसंसंच वाटलं," असं ती सांगायची, "मग गायला लागले." त्यावरही तेव्हा लोक भांडायचेच. ग्रीन डेच्या बाबतीत मला दिसतं ते असं : 'डूकी'वरचं 'बास्केट केस' हे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांवरचं गाणं आहे. बावीस वर्षांच्या पोराला वाटतं, आपल्याला वेड लागतंय. हा आजार त्रेपन्नाव्या वर्षी कालबाह्य होत नाही. मैदानावर ते गाणाऱ्यांत भाचीच्या वयाची पोरं होती, तसे पोट सुटलेले बाबाही होते, आणि भाचीच्या म्हणण्याप्रमाणे बाबाच जास्त रडत होते.

आता कॅसेटच नाही, मग मास्टरचं काय?

भाचीचा शेवटचा प्रश्न. सगळं मोबाइलवर फुकट किंवा महिन्याच्या वर्गणीत ऐकतो, मग सातबारा कुणाचा याला काय किंमत?

उलट जास्त. कॅसेट एकदा विकली की संपली. मोबाइलवर गाणं दर वेळी वाजलं की पैशाचा एक कण निघतो. तो दोन वाटांनी जातो : मोठा भाग टेपच्या मालकाकडे, लहान भाग शब्द-चालीच्या मालकांकडे. कण लहान, पण वर्षानुवर्षं टपकणारा. म्हणून टेलर स्विफ्टनं आपल्या जुन्या मास्टरांवर दुसऱ्याचा ताबा आल्यावर त्यातले चार अल्बम पुन्हा गाऊन मुद्रित केले. कृती तिची होती, तिनं नवी बरणी घातली. आपल्याकडे २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला तो यातल्या दुसऱ्या वाटेसाठी. चित्रपटात गाणं दिलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता लिहून घेता येत नाही.

ग्रीन डेनं याचीही टिंगल केली. २०२४मध्ये 'डूकी'ला तीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी अल्बमची पंधरा गाणी पंधरा कालबाह्य किंवा वेड्यावाकड्या वस्तूंवर काढली. एक फ्लॉपी डिस्कवर, एक मेणाच्या नळीवर, एक गेम बॉय या जुन्या व्हिडिओगेमच्या कार्ट्रिजवर, एक दाराच्या बेलमध्ये, एक टूथब्रशमध्ये, एक भिंतीवर लटकून गाणाऱ्या प्लॅस्टिकच्या माशात. आवाज भयंकर. नाव दिलं 'डूकी डिमास्टर्ड'. टेपची चमक वाढवून तेच पुन्हा विकायची जी रीत आहे, तिला उलटं टांगलं.

मालक कोण हे बघायची सोपी खूण आहे. कुठल्याही ॲपमध्ये अल्बम उघडा आणि तळाला जा. बारीक अक्षरांत गोलातला पी असतो, पुढे वर्ष आणि नाव. गोलातला सी वेगळा, तो मुखपृष्ठ आणि छापील मजकुराचा. पी म्हणजे ध्वनिमुद्रण. 'डूकी'खाली रिप्राइजचं नाव आहे.

भाचीनं ते पाहिलं. मग ताईचा फोन उचलला आणि ताई रोज सकाळी लावते त्या जुन्या अभंगांच्या तळाशी गेली.

"सारेगामा," ती म्हणाली. "हे कोण?"

"एचएमव्ही गं," ताई म्हणाली. "कुत्र्याचं चित्र असायचं ती."